जपानच्या डोंगरी खेड्यांतला वसंत : तारीख, उंची आणि कॅमेरा

शिवारवाट :

हिदा, गोकायामा आणि नागानो या जपानच्या मध्यभागातील डोंगराळ मुलुखात वसंतात काढलेली माझी काही छायाचित्रे पाहून अनेक सदस्यांनी प्रश्न विचारले. एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे ज्यांचा त्या भागाशी अधिक परिचय आहे त्यांनाही भर घालता येईल, या विचाराने हे लिहीत आहे.

बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच आहे : साकुरा, म्हणजे जपानी चेरी, नेमका कोणत्या तारखेला फुलतो? मुक्काम टोकियो किंवा क्योतो येथे असेल तर याचे सरळ उत्तर देता येते. जपानचे हवामान खाते ठिकठिकाणी नमुन्याचे एकेक झाड ठरवून ठेवते. त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहराची सुरुवात जाहीर होते आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर मानला जातो. डोंगरात शिरल्यावर मात्र शहरातल्या त्या झाडाचा फारसा उपयोग राहत नाही. दर शंभर मीटर चढाला हवा साधारण 0.6 अंशाने थंड होत जाते आणि बहर ढोबळमानाने दोन-तीन दिवस मागे पडतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एकाच दिवशी नागोयाच्या सपाटीवरची झाडे पालवलेली असतात, सुमारे 570 मीटरवरच्या ताकायामात पाकळ्या नदीत गळत असतात आणि 1500 मीटरवरच्या कामिकोचीत जमिनीवर अजून बर्फ असते. या हिशेबालाही अपवाद आहेत. शिराकावा-गो ताकायामापेक्षा थोडे खालीच आहे, पण तेथे बर्फ फार पडते व उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे फुले ताकायामाच्या मागून येतात. तरीही डोंगराचा बेत आखताना तारखांचा तक्ता बाजूला ठेवून उंचीचा नकाशा पुढ्यात घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. फुले गळून गेली असतील तर वर चढावे, कळ्या मिटलेल्या असतील तर खाली उतरावे.

याहून महत्त्वाचे असे की, त्या खेड्यांतला वसंत फुलांपुरता नसतो. तो शेतीची कामे सुरू होण्याचा काळ असतो. हाकुबा गावाच्या पश्चिमेला 2932 मीटर उंचीचे शिरोउमा शिखर आहे. एप्रिल सरता सरता त्याच्या उतारावरचे बर्फ वितळू लागते आणि उघड्या पडलेल्या काळ्या खडकातून घोड्याची आकृती दिसू लागते. आपल्याकडे मृग नक्षत्रावर जशी पेरणी बेतली जाते, तशी त्या खोऱ्यातले शेतकरी हा घोडा दिसला की भातखाचरांच्या चिखलणीला लागत. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे तो हाकुबात फुलांची फांदी पुढे आणि शिखर मागे एवढेच चित्र घेऊन थांबत नाही. तो मे महिन्यात पुन्हा तेथे जाता येईल का ते पाहतो, आणि नुकत्याच पाणी सोडलेल्या खाचरात त्या उताराचे प्रतिबिंब कोठून मिळेल याचा शोध घेत फिरतो.

प्रकाशाचे वेळापत्रक आपल्या सवयीपेक्षा बरेच वेगळे आहे. 20 एप्रिलच्या सुमारास ताकायामात सूर्य पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. मुंबईत त्या दिवसांत सव्वासहा होऊन जातात. संध्याकाळी साडेसहाच्या आत तो मावळतो आणि गाव दरीत असेल तर त्याच्याही बऱ्याच आधी डोंगराआड जातो. त्यातच रियोकान किंवा मिनशुकू अशा घरगुती निवासांत रात्रीचे जेवण सहाच्या सुमारास वाढले जाते आणि पाहुण्याने त्या वेळी पानावर असावे अशी अपेक्षा असते. यजमानांना ताटकळत ठेवून संध्याकाळचा प्रकाश टिपणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून माझी सगळी भिस्त पहाटेवर होती. साडेचारला बाहेर पडावे, न्याहारी साडेसात-आठला असते, मधला वेळ पूर्णपणे आपला. त्या वेळी दरीत वारा पडलेला असतो, फांद्या स्थिर असतात, ओढ्याच्या कडेने धुक्याचा पातळ थर रेंगाळत असतो आणि पर्यटकांच्या बसगाड्या यायला अजून बराच अवकाश असतो.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. 24-70 आणि 70-200 मिलीमीटरच्या या दोन लेन्स पुरेशा आहेत. मला दुसरी अधिक उपयोगी पडली, कारण समोरचे घर, त्यामागची सुगी (जपानी देवदार) वृक्षांची काळी-हिरवी राई आणि त्याही मागचा बर्फाचा उतार हे तीन टप्पे जवळ आणून एकमेकांवर बसवण्याचे काम तीच करते. चौकटीचा मोठा भाग बर्फाने भरला असेल तर कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि बर्फ करडे पडते. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) एक्सपोजर वाढवून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या विभागणीचा आलेख, पाहावा. एप्रिलच्या मध्याला तातेयामा-कुरोबे मार्ग उघडतो. त्यावरच्या मुरोदो या 2450 मीटर उंचीच्या ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात आणि काही वर्षी त्या 20 मीटरपर्यंत जातात.

मला स्वतःला मात्र त्या भिंतींपेक्षा बीच वृक्षांच्या रानातले वितळणारे बर्फ अधिक मोलाचे वाटले. खोड ऊन शोषते, त्याच्या उबेने बुंध्याभोवतीचे बर्फ आधी विरते आणि प्रत्येक झाडाभोवती एक गोल खळगा तयार होतो. खळग्याच्या तळाशी गेल्या शरदातली तपकिरी पाने ओली होऊन चिकटलेली असतात, काठावरच्या बर्फाला निळसर छटा असते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात एका झाडाची सावली शेजारच्या झाडाच्या खळग्यात उतरते. गुडघ्यावर बसून, एफ/11 ठेवून, एकाच खळग्यावर अर्धा तास घालवावा इतके त्यात पाहण्यासारखे आहे.

चैत्रवेल :

शिवारवाट, सविस्तर लेखनाबद्दल मनापासून आभार. उंचीचा मुद्दा यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोणी मांडलेला माझ्या वाचनात नव्हता. आम्ही पुढच्या एप्रिलमध्ये आईबाबांसह जाण्याच्या विचारात आहोत, म्हणून दोन प्रश्न विचारते.

पहिला छायाचित्रणाचा. ढगाळ हवेत साकुराची फुले माझ्या कॅमेऱ्यात राखेसारखी करडी दिसतात आणि नंतर संगणकावर गुलाबी रंग वाढवला तर ती कागदी वाटू लागतात. जागेवर असतानाच काय करावे? दुसरा प्रश्न असा की, आईबाबांना फार चालणे झेपणार नाही आणि आमच्यापैकी कोणी तेथे गाडी चालवणार नाही. अशा वेळी कोणती ठिकाणे निवडावीत?

शिवारवाट :

चैत्रवेलताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. दुसऱ्याचे तेथे राहणारे सदस्य अधिक चांगले देतील.

सर्वत्र लावलेला सोमेइ योशिनो हा प्रकार मुळातच जवळजवळ पांढरा आहे. त्याची गुलाबी छटा अतिशय फिकट असते आणि आपल्या मनात असलेला गुलाबी रंग पुष्कळदा पोस्टरांवरून आलेला असतो. पांढऱ्या आकाशासमोर पांढरे फूल धरले की मीटर दोघांनाही करड्याकडे ओढतो. म्हणून ढगाळ हवेत आकाश चौकटीतून जवळजवळ काढूनच टाकावे. झाडाच्या वरच्या अंगाला जावे किंवा दरीच्या पलीकडच्या उतारावरून पाहावे, म्हणजे फुलांच्या मागे सुगीची राई, ओले छप्पर किंवा नांगरलेली काळी माती येईल. पार्श्वभूमी गडद झाली की तेच फूल काही न करता उजळते. एक्सपोजर अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवावे, व्हाइट बॅलन्स आपोआप न ठेवता दिवसाच्या उजेडावर स्थिर करावा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल घ्यावी. ऊन असेल तर उलट्या दिशेने, म्हणजे सूर्य झाडामागे ठेवून, पाकळ्यांतून येणारा उजेड टिपावा. त्यात जी छटा दिसते ती खरी असते. डोंगरातल्या रानटी साकुराला फुलांबरोबरच तांबूस पालवी फुटते, त्यामुळे दुरून उतार पाहिला तर त्यावर पांढरा, तांबूस आणि कोवळा पोपटी असे डाग मिसळलेले दिसतात. माझ्या मते डोंगराचा खरा वसंत त्यात आहे आणि तो ढगाळ हवेतच उत्तम उमटतो.

नागोयाकर :

नोकरीनिमित्त बरीच वर्षे नागोयात राहत असल्याने या चर्चेत भाग घेतो. शिवारवाट यांनी सोमेइ योशिनोविषयी लिहिले ते योग्यच आहे. ती सर्व झाडे कलमाने वाढवलेली, एकाच वंशाची असतात, म्हणून एका ठिकाणची झाडे एकदम फुलतात आणि एकदम गळतात. डोंगरी खेड्यांत मात्र जी थोर वये असलेली झाडे आहेत ती बहुतेक एदोहिगान जातीची आहेत. तुम्ही छायाचित्रासाठी एकच झाड निवडणार असाल तर असे एखादे निवडा, असा माझा आग्रह आहे.

चैत्रवेलताईंनी राखेच्या रंगाचा उल्लेख केला, म्हणून गिफू प्रांतातल्या नेओ खोऱ्यातील उसुझुमी-झाकुराचे नाव आधी घेतो. हे झाड दीड हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते आणि 1922 पासून त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचे संरक्षण आहे. त्याच्या कळ्या फिकट गुलाबी असतात, पूर्ण उमलल्यावर फुले पांढरी होतात आणि गळण्याच्या सुमारास त्यांच्यावर पातळ शाईसारखी करडी छटा येते. म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांत कॅमेऱ्यात करडे दिसले तर ते दुरुस्त करू नये, तोच त्या झाडाचा रंग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हे झाड जवळजवळ मेलेच होते. तेव्हा गिफूचे एक दंतवैद्य, माएदा तोशियुकी, यांनी रानसाकुराच्या कोवळ्या रोपांची 238 मुळे त्याच्या मुळांवर कलम केली आणि झाड पुन्हा फुलू लागले. आज त्याच्या फांद्यांखाली लाकडी टेकू आहेत. पुष्कळ छायाचित्रकार ते टेकू चौकटीबाहेर ठेवण्याची खटपट करतात. ते टेकू अवश्य दाखवावेत, कारण त्या झाडाचा इतिहासच सांभाळण्याचा आहे. नागोयाहून ओगाकीला रेल्वेने जावे, तेथून तारुमी रेल्वेने शेवटच्या स्थानकापर्यंत. पुढे थोडे चालणे आहे. बहर साधारण एप्रिलच्या पूर्वार्धात येतो.

दुसरे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. शोगावा नदीवर मिबोरो धरण बांधले गेले तेव्हा नदीकाठची गावे पाण्याखाली जाणार होती. तेथल्या दोन देवळांच्या आवारात प्रत्येकी एक, अशी चारशेहून अधिक वर्षे वयाची दोन साकुरा झाडे होती. धरण बांधणाऱ्या वीजनिर्मिती कंपनीचे पहिले अध्यक्ष राहिलेले ताकासाकी तात्सुनोसुके यांनी ती पाहिली आणि ती वाचवलीच पाहिजेत असे ठरवले. इतकी जुनी झाडे हलवता येत नाहीत असेच बहुतेक जाणकारांचे मत होते. साकुराचे अभ्यासक सासाबे शिन्तारो यांनी ती जबाबदारी घेतली आणि 1960 साली ती अवजड झाडे, फांद्या छाटून आणि मुळे गुंडाळून, वरच्या पातळीवर ओढून नेऊन लावण्यात आली. दोन्ही जगली. शोगावा-झाकुरा या नावाने ती आज जलाशयाच्या काठी उभी आहेत आणि एप्रिल अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलतात. त्यांच्या बुंध्यांवर मोठमोठ्या भरून आलेल्या जखमा आणि शेवाळ आहे, तर वरच्या फांद्या बारीक आणि सरळ आहेत, कारण त्या स्थलांतरानंतर फुटलेल्या आहेत. जुन्या खोडावर नवी फांदी जेथे सुरू होते त्या जागेचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि मग मागे सरून जलाशयासह संपूर्ण झाड घ्यावे. त्या पाण्याखाली गाव आहे हे माहीत असले की चौकटीत पाण्याला किती जागा द्यायची हे आपोआप ठरते.

त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या नागोया-कानाझावा बसचे एक वाहक, सातो र्योजी, या झाडांच्या ओढीने मार्गाच्या कडेला साकुराची रोपे लावत राहिले. 1977 साली अकाली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सुमारे 2000 झाडे लावली. राष्ट्रीय मार्ग 156 वरून जाताना त्यांपैकी काही आजही लागतात. दुर्दैवाने ताकायामाहून शिराकावा-गोला जाणारी बस बोगद्यांच्या द्रुतगती मार्गाने जाते, त्यामुळे शोगावाच्या झाडांसाठी गाडी लागते. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो आणि वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. मात्र उंचावरचे काही घाटरस्ते मे महिन्यातही बर्फामुळे बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

पाणवठा :

नागोयाकर, आपला प्रतिसाद वाचून फार समाधान वाटले. मी वास्तुविशारद आहे, म्हणून गाश्शो, म्हणजे तीव्र उताराच्या गवती छपरांच्या, घरांविषयी लिहिते. शिराकावा-गोमधील ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा ही तीन गावे 1995 साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. बहुतेकांची छायाचित्रे ओगिमाचीच्या वरच्या टेकडीवरून घेतलेली असतात आणि ती सगळी एकसारखी दिसतात. घरांच्या जवळ गेल्यावरच त्यांची रचना कळते.

छपराचा उतार साठ अंशांच्या आसपास असतो, कारण तेथे पडणारे बर्फ ओले आणि जड असते. घरांची त्रिकोणी टोके साधारण उत्तर-दक्षिण ठेवलेली असतात, त्यामुळे दोन्ही उतारांना ऊन मिळून बर्फ वितळते आणि छप्पर वाळते. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशीमकिड्यांची पैदास होत असे, म्हणून त्रिकोणात खिडक्या आहेत. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. दोरखंड आणि वळलेल्या ओल्या फांद्यांनी तो बांधलेला असतो, आणि खालच्या चुलीचा धूर त्या बांधणीला व गवताला कीड लागू देत नाही. छपराची शाकारणी तीस-चाळीस वर्षांतून एकदा करावी लागते आणि ती सारे गाव मिळून करते. वसंतात अशी शाकारणी चालू असलेली दिसली तर बाकी सर्व सोडून दुरून ती पाहावी. नवे गवत सोनेरी असते, जुने काळपट, आणि सावलीच्या उतारावर शेवाळाचे हिरवे पट्टे असतात. वळचणीखाली उभे राहून वर पाहिले तर गवताची कापलेली टोके थरांनी बसवलेली दिसतात. तिरप्या उन्हात त्या थरांचे छायाचित्र घेतले की छप्पर किती जाड आहे हे पाहणाऱ्याला एका क्षणात कळते.

आइनोकुरात पाहुण्यांसाठी दिवसाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि पहाटे किंवा रात्री बाहेरच्यांनी गावात येऊ नये अशी गावकऱ्यांची विनंती असते. ज्यांना पहाटेचा प्रकाश हवा आहे त्यांनी गावातल्याच मिनशुकूमध्ये मुक्काम करावा. तसा मुक्काम केल्यावरही ही माणसांची राहती घरे आहेत याचे भान सुटू नये. उघड्या दारातून आत लेन्स वळवणे, वाळत घातलेले कपडे टिपणे, हे टाळावे. वारसा क्षेत्रात ड्रोन उडवण्यास मनाई आहे, आणि एरवीही जपानमध्ये जून 2022 पासून 100 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी बंधनकारक आहे.

सह्यमित्र :

पाणवठाताई, घरांच्या बाबतीत आपण म्हणता ते मान्य आहे, परंतु शेतांविषयी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. भातखाचरांचे प्रतिबिंब रस्त्यावरून मिळत नाही. कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणावा लागतो आणि त्यासाठी बांधावर दोन पावले जावेच लागते. सह्याद्रीत, कोकणात आम्ही बांधावरूनच फिरतो. शेतकरी हाक मारून चहा देतात. शेताला हात न लावता बांधावर उभे राहण्याने कोणाचे काय बिघडते, हे मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे.

पाणवठा :

सह्यमित्र, प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये वसंतात पाणी सोडण्याआधी प्रत्येक बांधाची आतली बाजू ओल्या चिखलाने लिंपून गुळगुळीत करतात, म्हणजे पाणी झिरपून खालच्या खाचरात जात नाही. हे लिंपण ताजे असताना त्यावर पाय पडला की कड खचते आणि रात्रीतून पाण्याची पातळी उतरते. आपल्याकडचा शेतकरी तुम्हाला हाक मारतो तेव्हा तो समोर उभा असतो आणि कोठून चालायचे ते सांगतो. तेथे पहाटे पाच वाजता शेतात कोणीच नसते, आणि म्हातारा मालक नंतर एकटाच तो बांध दुरुस्त करत बसतो. त्या खेड्यांत तरुण माणसे फार उरलेली नाहीत, याचाही विचार करावा.

होक्काइदोमधील बिएई येथे शेताच्या कडेला एक एकाकी झाड होते, ज्याची छायाचित्रे जगभर पोहोचली होती. लोक सूचना डावलून पिकात शिरत राहिले. झाडही वठत आले होते. अखेर 2016 साली मालकाने ते तोडून टाकले. फुजिकावागुचिको येथे एका दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत दिसतो म्हणून रस्त्यावर इतकी गर्दी होऊ लागली की, मे 2024 मध्ये नगर प्रशासनाला अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा लावावा लागला; तो ऑगस्टमध्ये काढण्यात आला. डोंगरी खेड्यांत असे पडदे यावेत असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही.

सह्यमित्र :

बांध लिंपण्याचे मला ठाऊक नव्हते. या माहितीनंतर माझा आग्रह राहत नाही. मग रस्त्यावरून प्रतिबिंब मिळवण्याचा उपाय कोणता, हे मात्र कोणीतरी सांगावे.

रानवारा :

त्याचे उत्तर येईपर्यंत मी एका वेगळ्या अडचणीविषयी लिहितो, कारण अजून तिचा उल्लेख झालेला नाही. मार्च ते मे या काळात गोबी आणि तक्लामकान वाळवंटांतली पिवळी धूळ वाऱ्याबरोबर जपानपर्यंत येते. अशा दिवशी लांबची शिखरे दिसेनाशी होतात आणि आकाश पिवळट पांढरे पडते. हवामान खाते या धुळीचा अंदाज प्रसिद्ध करते. तो रोज पाहावा. पावसाची फळी सरकून गेल्यानंतरची सकाळ सर्वांत निर्मळ असते, म्हणून लांबच्या शिखरांचे बेत पावसाच्या दुसऱ्या दिवशी ठेवावेत आणि पाऊस पडत असताना जंगल, शेवाळ, ओली छपरे, दगडी पायवाटा यांच्याकडे वळावे.

धुळीच्या दिवशीही कॅमेरा पिशवीत ठेवू नये. संपादनात धुरकटपणा काढण्याचा पर्याय ओढून ताणून वापरला की आकाश घाणेरडे होते. त्यापेक्षा लांब लेन्सने एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा टिपाव्यात. सुगीच्या रांगा पुढे गडद असतात आणि मागच्या प्रत्येक रांगेला धूळ थोडी थोडी पुसत नेते. खोली दाखवण्याचे हे काम स्वच्छ हवेत इतके सोपे नसते.

अस्वलांविषयी एक सूचना द्यायलाच हवी. वसंतात ती गुहांतून बाहेर पडतात, आणि पहाटेची व सांजेची वेळ त्यांच्याही वावराची आहे. 2025 साली जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांतील मृत्यूंची संख्या नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वाधिक होती. मागोमे ते त्सुमागो या सुमारे आठ किलोमीटरच्या जुन्या वाटेवर ठिकठिकाणी टोले देण्यासाठी घंटा टांगलेल्या आहेत. त्या वाजवाव्यात, स्वतःजवळही एक घंटी ठेवावी आणि अंधारात एकट्याने रानात शिरू नये. त्सुमागोचे नाव आले म्हणून सांगतो : तेथल्या रहिवाशांनी 1971 मध्ये आपली घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि पाडायची नाहीत असा ठराव केला, मुख्य रस्त्यावरून विजेच्या ताराही दिसेनाशा केल्या. म्हणून तेथे रुंद लेन्स मोकळेपणाने वापरता येते, जे इतर गावांत क्वचितच शक्य होते.

नागोयाकर :

चैत्रवेलताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. आईबाबांसह गाडीशिवाय जायचे असेल तर ताकायामा मुक्कामाला ठेवा. नागोयाहून थेट गाडी आहे, सुमारे अडीच तास लागतात आणि वाटेत हिदा नदीची घळ खिडकीतूनच दिसते. 14 आणि 15 एप्रिलला तेथे वसंतोत्सव असतो. पाऊस असेल तर सजवलेले रथ बाहेर काढत नाहीत आणि त्या दिवसांत खोल्या मिळणे फार कठीण असते, म्हणून निसर्गछायाचित्रणच मुख्य असेल तर आठवडाभर पुढचे दिवस घ्यावेत. ताकायामाहून शिराकावा-गो बसने सुमारे 50 मिनिटांवर आहे. एप्रिल संपत आला असेल तर कामिकोचीला जा. खाजगी वाहनांना तेथे बंदी आहे, सर्वांनाच बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते, आणि ताइशो तळ्यापासून काप्पा पुलापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. हे तळे 1915 साली याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकाने नदी अडल्यामुळे तयार झाले. होताका रांगेचे प्रतिबिंब हवे असेल तर पहिल्या बसनेच जावे. मुरोदोची उंची मात्र वयस्कर माणसांना त्रासदायक ठरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे.

अगदीच चालणे नको असेल तर नागानो प्रांतातले ओबासुते स्थानक पाहा. ते सुमारे 550 मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत आहे, आणि फलाटावरच्या बाकावर बसून खालचे संपूर्ण खोरे दिसते. आईबाबा बाकावर बसतील आणि तुम्ही त्यांच्याच शेजारी उभ्या राहून छायाचित्रे घ्याल, असे ठिकाण मला दुसरे माहीत नाही.

शिवारवाट :

नागोयाकरांनी ओबासुतेचे नाव घेतले हे बरे झाले, कारण सह्यमित्रांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते. त्या स्थानकाखालच्या उतारावर लहानमोठ्या खाचरांच्या शेकडो पायऱ्या आहेत आणि 1999 साली त्यांना राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला आहे. उतार तीव्र असल्याने वरच्या रस्त्यावर उभे राहिले तरी खालच्या खाचरांचे पाणी थेट नजरेखाली येते. प्रतिबिंबासाठी पाण्याच्या पातळीला जाण्याची गरज सपाट खोऱ्यात पडते. येथे उंचीच ते काम करते. सपाट भागात, म्हणजे हाकुबासारख्या ठिकाणी, गावातले डांबरी रस्ते खाचरांना अगदी लागून जातात. तेथे रस्त्याच्या कडेला बसून कॅमेरा जमिनीजवळ आणावा आणि मागे वळवता येणाऱ्या पडद्यात चौकट पाहावी. बांधावर पाय ठेवण्याची वेळ येत नाही. ट्रायपॉड मात्र रस्त्यात पसरू नये, कारण पहाटेच शेतकऱ्यांचे छोटे ट्रक आणि ट्रॅक्टर सुरू होतात.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावलेला असेल तर तो काढून ठेवावा, किंवा फिरवून प्रतिबिंब सर्वाधिक उजळ दिसेल तेथे थांबवावा. नेहमीच्या सवयीने फिरवला तर तो नेमके तेच प्रतिबिंब पुसून टाकतो ज्यासाठी आपण तेथवर गेलेलो असतो. ओल्या शेवाळावरची आणि पावसानंतरच्या पानांवरची चकाकी काढण्यासाठी मात्र तो अवश्य वापरावा. प्रतिबिंब प्रत्यक्ष दृश्यापेक्षा साधारण एक स्टॉप गडद येते, म्हणून एक्सपोजर आकाशावरून ठरवावे आणि पाण्याचा भाग रॉ फाइलमधून उचलावा. पूर्वी यासाठी अर्धी गडद काच वापरत. डोंगराच्या वाकड्या क्षितिजावर ती सरळ रेष उमटवते, म्हणून मला ती पटत नाही.

ओबासुतेचा उतार ईशान्येकडे पाहतो, त्यामुळे सकाळचे ऊन समोरून, पाण्याला चाटून येते आणि बांधांच्या रेषा काळ्या उठून दिसतात. तेथील लावणी साधारण मेच्या उत्तरार्धात सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते, आणि पायऱ्या एकाच दिवशी भरत नाहीत. एका खाचरात नुसते पाणी, शेजारच्यात रोपे, तिसऱ्यात अजून कोरडी ढेकळे, असे मिश्र दृश्य काही दिवस टिकते. सह्यमित्र, एप्रिलमध्ये जाणे जमले नाही तरी हरकत नाही; तुम्हाला खाचरेच हवी आहेत, तर मेच्या शेवटच्या दहा दिवसांची सुट्टी काढा आणि मुक्काम नागानो शहरात ठेवून पहाटेच्या पहिल्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा.